तांबड्या दिव्याची साक्ष

मोटार हांकणाऱ्यासमोरील फळीवर जे अनेक लहान दिवे असतात, त्यांत एक तांबडा दिवा असा असतो कीं, तो लागतांच शहाण्या चालकाच्या पोटांत गोळा उठतो. इंजिनास थंड ठेवणारें पाणी कमी झालें आहे, किंवा तें प्रमाणाबाहेर तापलें आहे, हें सांगण्याचें काम या दिव्याकडे सोंपविलेलें असतें. गाडी नवी असेपर्यंत त्याच्या शब्दाविषयीं सहसा कोणी शंका घेत नाहीं. परंतु गाडी वीस-पंचवीस वर्षांची झाली, तारांवरील आवरणें कडक झालीं, जोडांवर हिरवट गंज चढला, म्हणजे हा दिवा कधीं कारण नसतां पेटतो, आणि कधीं कारण असूनहि पेटत नाहीं. मग जो प्रश्न उभा राहतो, तो यंत्रशास्त्राचा थोडा आणि साक्षीपुराव्याचा अधिक असतो. साक्षीदार खरें बोलत आहे कीं खोटें? आणि तो खोटें बोलत असेल, तर कोणत्या बाजूनें?

या प्रश्नाचा निकाल नीट लावावयाचा तर हा साक्षीदार आला कोठून, त्याच्या आधीं हें काम कोण करीत असे, आणि त्यांपैकीं प्रत्येकाची खोड कोणती होती, हें पाहणें अवश्य आहे. मोटारीच्या इतिहासाचीं पुस्तकें वेगाच्या आणि शर्यतींच्या वर्णनांनीं भरलेलीं असतात. इंजिनाच्या तापाचा इतिहास मात्र त्यांत एखाद्या कोपऱ्यांत पडलेला असतो. वास्तविक इंजिन जन्मास आलें त्या दिवसापासून त्याचा हा ताप त्याच्याबरोबर आहे.

जुन्या पेट्रोल-इंजिनांत इंधनापासून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळ मानानें चौथा ते तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामीं येतो. बाकीच्या उष्णतेपैकीं कांहीं धुराबरोबर बाहेर जाते, आणि पुष्कळशी इंजिनाच्या भिंतींत शिरते. आंतील ज्वाळेचें तापमान क्षणमात्र २,००० अंश सेल्सियसच्याहि वर जातें. ज्या ॲल्युमिनियमचा दट्ट्या त्या ज्वाळेखालीं वरखालीं होत असतो, तो धातु ६६० अंशांवरच वितळतो. तरीहि दट्ट्या वितळत नाहीं, याचें कारण त्याच्या भोंवतालच्या भिंतींमागून सतत पाणी फिरत असतें आणि तें ही उष्णता वाहून नेत असतें. हें पाणी गेलें, कीं कांहीं मिनिटांतच इंजिनाचें डोकें वांकतें, मधली गॅस्केट फुटते, दट्ट्या नळकांड्यांत अडकून बसतो, आणि जें काम एका हलक्या नळीच्या किमतींत झालें असतें, त्यासाठीं सबंध इंजिन उघडावें लागतें.

कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं जिचें पेटंट घेतलें, त्या पहिल्या मोटारगाडींत पाणी उकळून त्याची वाफ उडून जाऊं देणें, हाच थंड करण्याचा उपाय होता. म्हणजे गाडी इंधन जशी पीत असे, तशीच पाणीहि पीत असे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बेंझ याची पत्नी बेर्था ही आपल्या दोन मुलांस बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारें १०० किलोमीटरांचा प्रवास याच तऱ्हेच्या गाडींतून करून गेली. वाटेंत वीसलोख येथील औषधालयांतून तिनें इंधन विकत घेतलें, ही गोष्ट पुष्कळांस माहीत असते. परंतु त्या प्रवासांत तिला इंधनाहून अधिक वेळां थांबावें लागलें तें पाण्यासाठीं. सूचना देणारें एकहि साधन गाडीवर नव्हतें. पाणी किती उरलें, हें उतरून डोळ्यांनींच पाहावयाचें. हा पुरावा कष्टाचा खरा, पण त्यांत खोट नव्हती. डोळा आणि पाणी यांच्यामध्यें तिसरा कोणी मध्यस्थ नव्हता.

पुढें विल्हेल्म मायबाख यानें मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीवर तो बसविला गेला. हजारों लहान चौकोनी नळ्यांमधून वारा वाहात असल्यामुळें थोडक्याच पाण्यांत इंजिन थंड राहूं लागलें. पाणी आतां उडून जात नव्हतें. तेंच तें पुन्हां पुन्हां फिरत होतें. ही सुधारणा मोठी होती, परंतु तिच्याबरोबर एक नवा धोकाहि आला. ज्या अर्थीं पाणी रोज भरावें लागत नाहीं, त्या अर्थीं तें रोज पाहिलेंहि जात नाहीं. पाणी झांकणाखालीं गेलें, आणि नजरेआड होतांच मनाआडहि झालें.

१९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक संख्येनें निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीचें उदाहरण घ्यावें. अगदीं आरंभींच्या थोड्या गाड्या सोडल्या, तर तिला पाणी फिरविणारा पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि थंड झालेलें खालीं उतरतें, एवढ्याच नैसर्गिक नियमावर तिचें काम चाले. पण वरच्या नळीच्या तोंडाखालीं पाणी उतरलें, कीं हें चक्र तुटे, आणि टांकींत पाणी शिल्लक असूनहि इंजिन तापूं लागे. ‘पाणी आहे काय’ हा प्रश्न त्यामुळें अपुरा ठरला. ‘पाणी पुरेशा उंचीपर्यंत आहे काय’ असा प्रश्न विचारणें प्राप्त झालें. आजच्या तांबड्या दिव्याचें मूळ या दुसऱ्या प्रश्नांत आहे.

या अवस्थेंत हॅरिसन बॉइस या अमेरिकन गृहस्थानें एक अतिशय साधा उपाय काढला. १९१२ सालीं त्यास त्याचें पेटंट मिळालें. रेडिएटरच्या झांकणावरच एक थर्मामीटर उभा करावयाचा, आणि त्यांतील तांबडा स्तंभ चालकास आपल्या जागेवरून कांचेंतून दिसावा, अशी योजना. ‘बॉइस मोटोमीटर’ या नांवानें तो इतका लोकप्रिय झाला कीं, त्या काळच्या गाडीचें चित्र त्याच्यावांचून अपुरें वाटतें. त्यास तार नव्हती, विजेचा संबंध नव्हता, त्यामुळें त्याच्या हातून खोटें बोलण्याचे प्रसंग थोडे. तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागे. त्याचा दांडा पाण्यांत बुडालेला नसे. तो पाण्यावरील मोकळ्या जागेंतील वाफेचें तापमान सांगे. म्हणजे साक्ष देणारा प्रामाणिक होता, परंतु घटनेपासून दोन बोटें दूर उभा होता.

१९३० नंतरच्या दशकांत गाड्यांचीं रूपें बदललीं. रेडिएटरचें झांकण बॉनेटखालीं दडलें आणि मोटोमीटरची जागाच नाहींशी झाली. तापमान आतां चालकासमोरच्या फळीवर आणणें भाग पडलें. या कामीं एक जुनीच युक्ति उपयोगी पडली. फ्रेंच कारागीर यूजेन बूर्दों यानें १८४९ सालीं वाफेचा दाब मोजण्यासाठीं एक वांकडी, चपटी नळी तयार केली होती. आंतील दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते, आणि तिच्या टोंकास जोडलेला कांटा फिरतो. मोटारींत एका लहानशा धातूच्या कुपींत ईथर भरून ती कुपी इंजिनाच्या पाण्यांत बुडविण्यांत येई. ईथर तापलें कीं त्याच्या वाफेचा दाब केंसासारख्या बारीक नळीवाटे फळीपर्यंत पोंचे आणि बूर्दोंच्या नळीस हलवी. गाडीच्या हादऱ्यांनीं ही बारीक नळी कोठें तडकली, तर ईथर उडून जाई आणि कांटा ‘थंड’ या खुणेवर जाऊन स्वस्थ बसे. इंजिन पेटलें असतांहि कांटा ‘सर्व कुशल’ असेंच सांगत राही. येथें प्रथमच असा साक्षीदार आढळतो कीं जो मरतांना खोटें अभयदान देऊन मरतो.

त्याच्या जागीं पुढें विजेचा कांटा आला. मायकेल फॅरेडे यास १८३३ सालींच असें आढळलें होतें कीं, रौप्य गंधकिद तापविलें असतां विजेस होणारा त्याचा अडथळा वाढत नाहीं, उलट कमी होतो. धातूंचा स्वभाव याच्या नेमका विरुद्ध. ही नवलाची गोष्ट जवळजवळ शंभर वर्षें प्रयोगशाळेंतच राहिली. १९३० च्या सुमारास सॅम्युअल रूबेन यानें तिचा व्यवहारांत उपयोग केला, आणि अशा पदार्थांस ‘थर्मिस्टर’ हें नांव रूढ झालें. पाण्यांत बसविलेल्या थर्मिस्टरमधून, पाणी जसें तापेल तसा, अधिक प्रवाह जातो आणि कांटा वर चढतो. याचाहि अर्थ उघड आहे: तार तुटली तर कांटा थंड दाखवील, आणि तार घासून गाडीच्या लोखंडास टेंकली तर कांटा एकदम तांबड्या खुणेवर जाईल.

कांट्याकडे पाहावें लागतें. दिवा स्वतः हांक मारतो. हा फरक ओळखून अमेरिकेंतील हडसन कंपनीनें १९३० ते १९४० या दशकाच्या मध्यास तेलाचा दाब आणि जनित्र यांसाठीं कांट्यांऐवजीं दिवे बसविले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्याच्या तापमानासाठींहि तेंच झालें. कांहीं अमेरिकन गाड्यांत तर इंजिन थंड असेपर्यंत हिरवा आणि फार तापल्यावर तांबडा, असे दोन दिवे असत. मोटारींच्या शौकिनांनीं या दिव्यांस ‘इडियट लाइट’, म्हणजे मूढांचे दिवे, असें हेटाळणीचें नांव दिलें. त्यांत थोडा अन्याय आहे. वाहतुकीच्या गर्दींत ज्याचें चित्त रस्त्यावर आहे, त्याच्या कानांत कांटा ओरडत नाहीं. परंतु दिव्याचा खरा दोष वेगळाच होता. पाण्यांत बसविलेला स्विच ठराविक तापमानास मिटतो, तेव्हां कोठें दिवा लागतो. तार तुटली, बल्ब गेला, जोड सैल झाला, तर दिवा केवळ गप्प राहतो, आणि गप्प दिवा म्हणजे निरोगी इंजिन असा चालकाचा समज असतो. शिवाय सर्वच पाणी वाहून गेलें, तर हा स्विच कोरडा पडतो आणि त्यास ताप वेळेवर पोंचतच नाहीं. जेव्हां ओरडण्याची सर्वांत अधिक गरज, नेमकें तेव्हांच त्याचें तोंड बंद!

या दोषावरील उतारा मोटारींच्या कारखान्यांत नव्हे, आगगाडीच्या रुळांवर पूर्वींच सांपडलेला होता. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें १८७० च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियांतील किंझुआ येथें रुळांवर विजेचा इषारा बसविला. गाडी त्या भागांत आली म्हणजे विजेचें मंडल पुरें होई आणि धोक्याची खूण दिसे. परंतु थोड्याच अवधींत त्याच्या ध्यानांत आलें कीं, तार तुटली किंवा बॅटरी संपली, तर गाडी उभी असतांहि मार्ग मोकळा दिसेल. त्यानें सारी योजना उलटी केली, आणि १८७२ सालीं तिचें पेटंट मिळविलें. रुळांतून प्रवाह सदैव चालू ठेवावयाचा आणि त्या प्रवाहानेंच ‘मार्ग मोकळा’ ही खूण धरून ठेवावयाची. गाडी आली, रूळ तुटला, तार निसटली, बॅटरी मेली, कांहींहि झालें तरी प्रवाह थांबेल आणि धोक्याची खूण पडेल. म्हणजे साक्षीदार मेला, तर त्याचा मृत्यूच फिर्याद होऊन उभा राहील. रेल्वेच्या सुरक्षिततेचा पाया या एका विचारावर उभा आहे.

हाच विचार मोटारीच्या पाण्यास कसा लागू झाला, याचें एक चांगलें उदाहरण जर्मनींतील फोक्सवागन कंपनीच्या मोठ्या बंद गाडींत पाहावयास मिळतें. या गाडीचा तिसरा अवतार १९७९ सालीं निघाला, तेव्हां तिचें पाठीमागें बसविलेलें पेट्रोल-इंजिन, तिच्या पूर्वजांप्रमाणेंच, वाऱ्यानें थंड होई. १९८२ सालीं तेथें पाण्याचें इंजिन आलें. इंजिन मागें, रेडिएटर पुढें, आणि दोहोंमध्यें गाडीच्या पोटाखालून गेलेल्या लांब नळ्या; आंत फिरणारें पाणी सुमारें १६ लिटर. चालक सर्वांत पुढें बसलेला, आणि जें बिघडावयाचें तें त्याच्या पाठीमागें कित्येक हातांवर. वाफ निघाली तरी ती त्यास दिसावयाची नाहीं. अशा गाडींत दिव्यावर विसंबण्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि म्हणून तो दिवा रॉबिन्सनच्या तत्त्वावर बसविण्यांत आला.

त्याची रचना थोडक्यांत अशी. इंजिनाजवळील पाण्याच्या टांकींत धातूच्या दोन शलाका खालीं सोडलेल्या असतात. टांकींत भरतात तें नुसतें पाणी नव्हे. त्यांत सुमारें अर्धा भाग एथिलीन ग्लायकॉल आणि गंज न चढूं देणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. मोटारीसाठीं हें ग्लायकॉल १९२७ पासून अमेरिकेंत विकलें जाऊं लागलें. आज मेकॅनिक त्या सर्व मिश्रणास ‘कूलंट’ म्हणतात. मिश्रणांतील द्रव्यांमुळें त्यांतून वीज वाहूं शकते. दोन्ही शलाका बुडालेल्या असेपर्यंत मंडल पुरें राहतें आणि डॅशबोर्डामागील लहानशी रिले-पेटी दिव्यास गप्प ठेवते. पाणी उतरून शलाका उघड्या पडल्या, कीं मंडल तुटतें आणि दिवा लुकलुकूं लागतो. पाणी फार तापल्यास हाच दिवा त्याचीहि सूचना देतो. चावी फिरवितांच तो कांहीं क्षण लुकलुकून विझतो. ही त्याची रोजची हजेरी. ती ज्या दिवशीं दिली जात नाहीं, त्या दिवशीं दिव्याचें मौन विश्वासास पात्र नाहीं असें समजावें.

आतां या गाड्या तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि पाणी कांठोकांठ भरलेलें असतांहि दिवा लुकलुकत राहतो, अशी तक्रार त्यांच्या मालकांत नेहमीं ऐकूं येते. हें रचनेचें अपयश नव्हे. हीच तिची प्रकृति आहे. प्रत्येक बिघाड धोक्याच्या बाजूस झुकेल अशी व्यवस्था केली, म्हणजे वृद्धापकाळीं ती खोटे आरोप करणारच. खोटें अभयदान पाहिजे कीं खोटा आरोप, यांतून एकाची निवड करावी लागते, आणि इंजिनाच्या दृष्टीनें खोटा आरोप बरा. परंतु त्याचाहि एक मोठा तोटा आहे. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. महिनाभर रोज उगाच लुकलुकणारा दिवा एकतिसाव्या दिवशीं खरें बोलला, तर त्याकडे कोण पाहणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, कंटाळलेला मालक त्याची तारच काढून टाकतो. त्या दिवसापासून गाडी पुन्हां बेर्था बेंझच्या काळांत जाते, मात्र रोज उतरून पाणी पाहण्याची बेर्थाबाईची संवय मालकास नसते.

म्हणून अशा दिव्याची चौकशी एका ठराविक क्रमानें करावी लागते, आणि त्या क्रमांतील पहिली पायरी अशी कीं, प्रथम साक्ष खरीच आहे असें धरून चालावें. गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, आणि तें पूर्ण थंड होईपर्यंत टांकीचें झांकण उघडूं नये. दाबाखालीं पाणी १०० अंशांवर उकळत नाहीं. वातावरणाइतका आणखी एक दाब असतां तें सुमारें १२० अंशांपर्यंत न उकळतां राहतें. झांकण काढतांच तो दाब जातो, आणि सारें पाणी एका क्षणांत उकळून वाफेसह अंगावर येतें. या उतावळेपणामुळें हात आणि चेहरा भाजल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. थंड झाल्यावर पाण्याची पातळी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी. ती कमी असेल तर दिवा निर्दोष आहे, आणि शोध गळतीचा घ्यावयास हवा: नळ्यांचे जोड, पंपाखालील ओल, रेडिएटरचे कोपरे, आणि बाहेर कोठेंच ओल नसेल तर गॅस्केटमधून आंत जाणारें पाणी.

पातळी पूर्ण असेल, तर दुसरा साक्षीदार बोलवावा. तापमानाचा कांटा काय म्हणतो? कांटा मध्यावर आणि दिवा मात्र लुकलुकत असेल, तर संशय शलाकांच्या मंडलावर जातो. उलट पाण्याचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही कांटे एकदम नेहमींपेक्षां वर चढलेले दिसले, तर दोष पाण्याचा नसून, त्या दोन्ही कांट्यांस सारखा विद्युद्दाब पुरविणाऱ्या लहानशा नियामकाचा, किंवा मीटरच्या सैल झालेल्या अर्थिंगचा, असण्याचा संभव अधिक.

तिसरी पायरी सर्वांत निर्णायक, आणि तिला एका लहानशा तारेच्या तुकड्यापलीकडे कांहीं लागत नाहीं. टांकीवरील शलाकांचा प्लग काढावा आणि त्याचीं दोन टोंकें त्या तुकड्यानें एकमेकांस जोडावीं. असें केल्यानें रिले-पेटीस टांकी भरलेली आहे असेंच वाटतें. आतां दिवा विझला, तर तारा आणि पेटी निर्दोष. दोष शलाकांचा किंवा पाण्याचा. शलाकांवर वर्षानुवर्षांचा थर बसला असेल तर त्या घासून स्वच्छ कराव्या. झिजल्या असतील तर बदलाव्या. आणि टांकींत कोणी नुसतें शुद्ध पाणी भरीत आला असेल, तर तेंहि कारण असूं शकतें. अतिशुद्ध पाण्यांतून वीज फारशी वाहत नाहीं, आणि भरलेली टांकीहि शलाकांस रिकामी भासते. प्लग जोडूनहि दिवा लुकलुकतच राहिला, तर दोष टांकीपासून फळीपर्यंतच्या तारेंत, कोठल्या तरी गंजलेल्या जोडांत, किंवा रिले-पेटींत आहे. यांपैकीं तार आणि जोड आधीं तपासावे. पेटी सर्वांत शेवटीं. जुन्या गाड्यांत नेमका उलटा क्रम चालतो. महाग पेटी प्रथम बदलली जाते, मग शलाका, आणि शेवटीं कोणाचें तरी लक्ष एका हिरवट पडलेल्या जोडाकडे जातें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार.

ज्या गाड्यांत जुन्या पद्धतीचा, तापल्यावर मिटणारा स्विच आहे, तेथें परीक्षा उलटी होते. स्विचची तार काढली असतां दिवा विझला पाहिजे. न विझल्यास तार वाटेंत कोठें तरी लोखंडास टेंकत आहे. तीच तार क्षणभर इंजिनाच्या लोखंडास लावली असतां दिवा लागला पाहिजे; न लागल्यास बल्ब किंवा तार मृत आहे, आणि आजवर लाभलेली शांतता ही शांतता नव्हतीच. अलीकडच्या गाड्यांत संगणक दोषाचे आंकडे नोंदवून ठेवतो, तेणेंकरून चौकशी सोपी होते खरी. परंतु संगणकासहि बातमी पोंचते ती अशाच शलाकेकडून आणि अशाच तारेवाटे.

येथें एक सूक्ष्म भेद सांगितला पाहिजे. दिवा सदोदित लुकलुकत नाहीं, फक्त चढावर किंवा वळणावर लुकलुकतो आणि सपाट रस्त्यावर विझतो, अशा वेळीं त्यास लहरी म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. वास्तविक हीच त्याची सर्वांत प्रामाणिक साक्ष असते. गाडी कलली म्हणजे टांकींतील पाणी एका बाजूस जातें. पातळी अगदीं सीमेवर आली असेल, तरच शलाका त्या क्षणीं उघड्या पडतात. पाणी संपलेलें नाहीं, पण संपूं लागलें आहे, असें तो सांगत असतो. १८३० सालीं खुला झालेल्या बोरघाटाच्या रस्त्यावर गेल्या शतकांत ज्या गाड्या मध्येंच थांबून, बॉनेट वर करून, वाफ सोडीत उभ्या राहात, त्या महाराष्ट्रांतील वडील पिढीनें पाहिलेल्या आहेत. त्या गाड्यांपैकीं कित्येकांचें पाणी घाटांत नव्हे, तर पायथ्यापूर्वीं पुष्कळ आधींपासून थेंब थेंब जात असे. घाटानें तें केवळ उघडकीस आणलें.

दिव्याच्या साक्षीवर आंधळा विश्वास ठेवल्यानें काय ओढवतें, याचा विसाव्या शतकांतील सर्वांत मोठा दाखला मोटारीचा नाहीं. २८ मार्च १९७९ रोजीं पहाटे पेन्सिल्व्हेनियांतील थ्री माइल आयलंड येथील अणुविद्युत्केंद्रांत एक झडप उघडी अडकली आणि तिच्यावाटे अणुभट्टीस थंड ठेवणारें पाणी बाहेर जाऊं लागलें. नियंत्रण-कक्षांत त्या झडपेचा दिवा होता, आणि तो विझलेला होता. कर्मचाऱ्यांनीं त्याचा अर्थ ‘झडप मिटली’ असा केला. परंतु झडपेस उघडें धरणारी वीज बंद झाली आहे, एवढेंच तो दिवा सांगूं शकत होता. झडप खरोखर मिटली कीं नाहीं, हें त्यास माहीत नव्हतें. अणुभट्टींतील पाण्याची पातळी सरळ दाखविणारें साधन तेथें नव्हतें, आणि आरंभींच्या मिनिटांत शंभराहून अधिक इषारे एकाच वेळीं सुरू झाल्यामुळें कोणता खरा, हें ओळखणें कठीण झालें. दोन तासांहून अधिक वेळ पाणी जात राहिलें, आणि भट्टीच्या गाभ्याचा सुमारें अर्धा भाग वितळला. मोटारीच्या फळीवरचा दिवा आणि हा दिवा यांचें कुळ एकच. दिवा वस्तूविषयीं बोलत नसतो. तो आपल्या तारेविषयीं बोलत असतो. वस्तूविषयींचें अनुमान माणसास करावें लागतें.

बेर्था बेंझच्या त्या प्रवासास आतां १३० हून अधिक वर्षें झालीं. तेवढ्या काळांत डोळा आणि पाणी यांच्यामध्यें थर्मामीटर आला, ईथरची कुपी आली, थर्मिस्टर आला, शलाका आल्या, रिले-पेटी आणि संगणक आले. प्रत्येक मध्यस्थानें माणसाचे कष्ट वांचविले आणि प्रत्येकानें चूक होण्याची एक नवी जागा निर्माण केली. जुनी गाडी बाळगणाऱ्यानें या मध्यस्थांचा तिरस्कार करूं नये, आणि त्यांच्या हातीं सर्वस्वहि सोंपवूं नये. महिन्यांतून एकदां सकाळीं, इंजिन थंड असतांना, झांकण उघडून पाणी पाहावें. चावी फिरवितांना दिवा आपली हजेरी देतो कीं नाहीं, तें पाहावें. तो खोटें बोलतो असें सिद्ध झालें, तर त्याचें तोंड न बांधतां त्यास दुरुस्त करावें. कारण दुरुस्तीस लागतो एक तारेचा तुकडा आणि अर्धा तास, आणि न केल्यास द्यावें लागतें तें सबंध इंजिन.